संपातला भागाकार

मंगळवार, ६ फेब्रुवारी

प्रिय मावशीस,

भिंगरीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते आहे आणि केस कापलेले नाहीत. पत्र उघडल्यावर तू आधी ह्याच तीन गोष्टी शोधतेस, म्हणून त्या पहिल्याच ओळीत उरकल्या. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हणून सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तुझा आवाज वर्गातला होतो आणि मग मला आहे तेवढंही सुचेनासं होतं. शिवाय "तोंडी सारवासारव नको, लिहून दे" हे तूच म्हणायचीस. तर लिहून देते आहे.

फर्निचरच्या कारखान्यातलं काम सोडलं. मालक चांगला होता, पण सरसाच्या वासाने मला स्वप्नंसुद्धा चिकट पडायला लागली. मग बसडेपोत पाट्या रंगवल्या. गावांची नावं रंगवता रंगवता प्रत्येक गावी जावंसं वाटायला लागलं, म्हणून तेही सोडलं आणि शेवटी रंगवलेल्या पाटीच्या गावी आले. तू कपाळाला हात लावला असशील. लाव.

खोली एका शिंपिणीच्या घरी, वरच्या मजल्यावर आहे. खाली तिचं मशीन सुरू झालं की वर माझी चादर थरथरते. भाडं बेताचं आहे, कारण खोलीच्या अर्ध्या भागात तिच्या कापडाचे गठ्ठे आहेत. एका गठ्ठ्यावर मी झोपते. तुला सांगू, झोप छान लागते. मला कापडावर झोपायची लहानपणापासूनची सवय. तुमच्या संघटनेचा तो मोठा लाल कापडी फलक आठवतो? तुझी बदली लांब कुठेतरी केली होती आणि तुझ्यासाठी सगळे शिक्षक शाळेच्या फाटकाशी बसले होते. आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या फलकाची घडी घालून तू मला त्याच्यावर निजवायचीस. बदली रद्द झाली म्हणून आपलं घर राहिलं, हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच कळायचं, की रंगाचा वास येतो आणि मावशी जवळ आहे.

तर काम. सांगते. त्याआधी समोरच्या लोकांबद्दल सांगते.

मी काम करते तिथे समोरच्या फुटपाथवर निळी ताडपत्री बांधून काही माणसं बसलेली असतात. त्यांत एक बाई आहेत. वर्तमानपत्राची घडी घालून त्यावर बसतात, नाकावर चष्मा, छातीवर संघटनेचा बिल्ला. येणाऱ्याजाणाऱ्याचं बटण उघडं दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे येतो आणि मग त्या तो मागे घेतात. अगदी तुझ्यासारख्या. तिथेच एक सर आहेत, त्यांच्याकडे भोंगा आणि माइक सांभाळायचं काम आहे. पोरं त्यांना भोंगेसर म्हणतात. आणि एक डुलकीसर. ते वर्गात झोपायचे आणि आता संपातही झोपतात, म्हणजे त्यांच्या बाबतीत शाळेचं काही नुकसान झालेलं नाही.

कळलं ना तुला? तुला अर्ध्या ओळीवरून कळतं. मी शाळेत काम करते. ह्या गावच्या सरकारी शाळेत, चौथीच्या वर्गावर, संपाच्या काळात.

मी मुद्दाम गेले नव्हते. शाळेच्या भिंतीवरचा फलक रंगवायचं काम मिळेल का, हे विचारायला ऑफिसात गेले होते. कारकुनाने वर न बघता विचारलं, "दहावी झालीय का?"

मी म्हटलं, "दोनदा."

तो हसला आणि खडूचा डबा पुढे सरकवला. "चौथीला कोणी नाही. उद्यापासून या."

बाहेर ताडपत्रीखाली माणसं बसलेली मला दिसली होती. ती कोण, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहिणार होते, पण ते तू खोडलं असतंस.

तुमच्या मागणीपत्रकातली पहिली मागणी मी वाचली आहे. रिकाम्या जागांवर तात्पुरती माणसं बसवू नका, शिकलेले शिक्षक नेमा. म्हणजे पहिली मागणी ही, की मी नको. गंमत म्हणजे ती मला पटते. तुला तरी माझ्यासारखीच्या हाती चौथीचा वर्ग द्यावासा वाटेल का?

परवा समोरच्या भिंतीवर एक पत्रक लागलं. शनिवारी सकाळी संघटनेच्या अध्यक्षा इथे येऊन बोलणार आहेत. खाली तुझा फोटो. तो फोटो बदल गं, त्यात तू नुकतीच कोणाला तरी शिक्षा करून आल्यासारखी दिसतेस. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि तुझं ते वाक्य कानात आलं. प्रत्येक संपात तू ते म्हणायचीस आणि मी फलकावर बसून तुझ्यामागून बडबडगीतासारखं म्हणायचे: जो फाटकाच्या आत गेला, तो आपला नाही.

मी आत गेले आहे, मावशी. शनिवारी तू भोंग्यातून बोलशील तेव्हा मी चौथीच्या खिडकीत असेन. ते तुला तिथे येऊन कळू नये, म्हणून हे पत्र. डेपोतला ड्रायव्हर तुझ्या गावची फेरी करतो, त्याच्याकडे देते आहे.

खाली सही करताना 'तुझी' लिहायला हात अडला. ती जागा मोकळी सोडते.

          भिंगरी


गुरुवार, ८ फेब्रुवारी

प्रिय मावशीस,

पत्र पोचलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं आणि मला पाणी दिलं." आणि काय म्हणाल्या, विचारलं, तर म्हणाला, "काही नाही. चष्मा पुसला." ह्यावरून मी काय समजायचं, ते समजेना. म्हणून दुसरं लिहिते आहे. हे माझ्यासाठी नाही, त्या चष्मेवाल्या बाईंसाठी आहे. त्या चौथीच्याच बाई. माझ्या वर्गाच्या. म्हणजे त्यांच्याच.

झालं असं. काल भागाकार घ्यायचा होता. तुला माझा आणि भागाकाराचा इतिहास ठाऊक आहे. फळ्यावर नऊशे बावन्न लिहिले, भागिले सात. सात एके सात, दोन उरले, वरून पाच घेतला, पंचवीस. इथवर मी राणीसारखी चालले होते. मग दोनचा भाग लावला, चौदा वजा केले, आणि खाली अकरा राहिले. अकराकडे मी बघते, अकरा माझ्याकडे बघतात. पुढे काय करतात, ते आठवेना.

पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, केसांची एकच लांब वेणी, सगळे तिला शेपटी म्हणतात. ती म्हणाली, "ताई, चुकलंय. पण काय चुकलंय ते आमच्या बाईंना माहितीय." आणि उठून सरळ खिडकीशी गेली. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, खाली फाटक, समोर ताडपत्री. तिथून ती ओरडली, "बाई, अकरा उरले. सातापेक्षा मोठे."

बाईंनी वर बघितलं. मग मान फिरवली आणि हातातली बाटली उघडून पाणी प्यायला लागल्या. संप म्हणजे संप. मला इतकं कसंतरी झालं. मी म्हटलं, "ये गं आत, त्यांना त्रास देऊ नको." तेवढ्यात बाई खोकल्या.

वर्गातली सगळी पोरं एकदम म्हणाली, "पुसा."

मला काही कळेना. मग शेपटीने सांगितलं. फळ्यावर कोणी चुकलं की बाई बोलत नाहीत, खोकतात. बरोबर असलं की गप्प. म्हणून पोरांनी त्यांचं नावच खोकलेबाई ठेवलंय. मी दोन पुसला. शेपटी खिडकीतून ओरडली, "चार?" खोकला. "तीन?" समोर सामसूम. तीनचा भाग, एकवीस, चार उरले, वरचा दोन घेतला, बेचाळीस, सहा. एकशे छत्तीस. मावशी, आयुष्यात पहिल्यांदा मला भागाकार आवडला. पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि बाई इतक्या गंभीरपणे पाणी पीत होत्या, की बाटली कधीच रिकामी झालीय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

पण भोंगेसरांच्या आलं. "बाई, घसा फारच बसलाय आज," म्हणाले. "भागाकाराच्या तासालाच बसतो वाटतं." त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर बजावलं, की आतल्या वर्गाला शिकवणं म्हणजे संप फोडणं, आणि शनिवारी हे अध्यक्षांच्या कानावर घालणार. म्हणजे तुझ्या. आता बाईंना ताडपत्रीच्या मागच्या टोकाला बसवलंय, खिडकीकडे पाठ करून.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्या भेटल्या. मी दुसरीकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "बटण लाव." मी लावलं. मग म्हणाल्या, "चहा घेणार?"

मी म्हटलं, "बाई, माझा राग येत नाही का?"

"येतो की. दुपारपर्यंत येतो. मग पोरांचे आवाज ऐकू येतात आणि वाटतं, बरं झालं, कोणीतरी आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "तू चांगलं शिकवलंस, तर सरकार म्हणेल, ह्या हव्यातच कशाला. तू वाईट शिकवलंस, तर ती माझी पोरं आहेत. तूच सांग, मी काय मागू?"

विषय बदलायचा म्हणून डुलकीसरांचं काढलं. म्हटलं, संघटना अशांनासुद्धा सांभाळते, हे काय बरोबर आहे? त्या हसल्या नाहीत. "त्याची मला लाज वाटते," म्हणाल्या. "पण त्याला मनात आलं म्हणून काढता यायला लागलं, की त्याच दाराने उद्या मलाही काढतील. तुझ्या वर्गाच्या छतावर नवीन गिलाव्याचं ठिगळ दिसतं ना? जुना गिलावा बाकावर पडला होता, सुट्टीत. आम्ही बसलो, म्हणून तो नीट झाला. नाहीतर त्यांनी बाक हलवला असता."

आता वर बघितलं की मला ते ठिगळ दिसतं. आणि खाली बघितलं की डुलकीसर.

मावशी, मला एक लिहायचं आहे आणि ते मी कालपासून टाळते आहे. मधे उठून शिंपिणीचे दोरेसुद्धा रंगांप्रमाणे लावून आले.

मी आत का गेले, हे तुला पहिल्या पत्रात सांगितलं नाही. कारकुनाने खडू पुढे केला म्हणून नाही. ऑफिसातून निघताना मी चौथीच्या दारावरून गेले. आत पोरं बसली होती. दंगा करत नव्हती. वह्या उघडून, रिकाम्या फळ्याकडे तोंड करून, नीट बसली होती. कोणी येईल म्हणून. मला ते बसणं ओळखीचं वाटलं.

माझ्या दहावीच्या वर्षी तुमचा मोठा संप झाला. अख्खा हिवाळा. तू पहाटे जायचीस आणि दिवेलागणीनंतर यायचीस, घसा बसलेला असायचा. आम्ही वर्गात असेच बसायचो. मग एकेक जण यायचा बंद झाला. मी बरीच शेवटपर्यंत गेले, कारण अध्यक्षांची भाची. पुढे मी नापास झाले, तेव्हा शेजारी म्हणाले, हिचं लक्षच नाही, भिंगरी आहे. तू काही म्हणाली नाहीस. मीही नाही. आपण दोघींनी ते इतक्या वर्षांत कधी काढलंच नाही. दुसऱ्या वेळी काठावर पास झाले आणि पिशवी उचलली, ती अजून हातातच आहे.

ज्या संघटनेने मला घर दिलं, तिनेच माझं ते वर्ष नेलं. दोन्ही खरं आहे आणि मला ह्याची वजाबाकी करता येत नाही.

हे वाचून रडू नकोस. मी रागावून लिहीत नाहीये. पण बाईंना बोलू नकोस, एवढं ऐक. मला काय म्हणायचं ते म्हण, भोंग्यातून म्हण, सगळ्यांदेखत म्हण. बाई नुसत्या खोकल्या आहेत.

          भिंगरी
          (जागा अजून मोकळीच)


रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय मावशीस,

कालच भेटलो आणि आज पत्र, म्हणजे तुला वाटेल मला काम नाही. खरंच नाही.

तू काल माइकच्या बाजूने सगळं पाहिलंस. आता खिडकीच्या बाजूचं ऐक, ते तुला माहीत नाही.

सकाळपासून मी कोरा फळा तीनदा पुसला होता. शेपटीने विचारलं, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, "माझी मावशी येणार आहे." ती म्हणाली, "मारते?" मी म्हटलं, "नाही गं. त्यापेक्षा वाईट. गप्प बसते."

फळ्यावर आठशे चौसष्ट भागिले सहा. मी रात्री चार वेळा करून पाहिला होता, त्यामुळे ह्या वेळी मला येत होता. फळ्याशी मागच्या बाकावरचा एक बुटका मुलगा होता. सहा एके सहा, दोन उरले, वरून सहा, सव्वीस. तेवढ्यात बाहेर टाळ्या झाल्या आणि भोंग्यातून तुझा आवाज आला. अख्खा वर्ग त्या आवाजाने भरला. खिडकी बंद करावी असं वाटलं, पण उघडीच ठेवली. तू छतांचं बोललीस, रिकाम्या जागांचं बोललीस, एका खोलीत तीन वर्ग कोंबतात त्याचं बोललीस. मला तुझा प्रत्येक थांबा पाठ आहे. कुठे पाणी पिशील तेसुद्धा. ते वाक्य जवळ आलं, तसा मी फळ्याचा कठडा घट्ट धरला.

"जो फाटकाच्या आत गेला," तू म्हणालीस. आणि थांबलीस.

नेमका त्याच शांततेत माझा बुटका खणखणीत आवाजात म्हणाला, "सव्वीसात सहा त्रिक अठरा. तीनचा भाग."

चूक होती. मला दिसत होती. मी तोंड उघडणार, इतक्यात शेपटी सवयीने खिडकीशी गेली आणि ओरडली, "तीन?" मागच्या टोकाला पाठ करून बसलेल्या बाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्यांचे खांदे हलताना मला वरून दिसले.

आणि भोंग्यातून खोकला आला. एकच, कोरडा.

मावशी, आमच्या वर्गात काय झालं ते तुला कसं सांगू? सगळी पोरं भोंग्याकडे बघायला लागली. बुटक्याने मुकाट्याने तीन पुसला. "चार?" त्याने भोंग्याकडे बघूनच विचारलं, जसं काही तो भोंगा बाईंच्या हाताखाली शिकला होता. भोंगा गप्प. त्याने चार लिहिला.

मग तू वाक्य पुरं केलंस. "जो फाटकाच्या आत गेला, त्याला बाहेर बसायला जागा ठेवा."

गणित पुरं होईपर्यंत मी थांबले. अर्धं टाकून उठायचं नाही, हे तुझंच. एकशे चव्वेचाळीस. मग मी खडूचा डबा आणि डस्टर उचललं. शेपटीने विचारलं, "ताई, तू पण संपावर?"

"मी कुठे शिक्षक आहे, संपावर जायला?"

"मग चाललीस कुठे?"

"समोर."

"आम्ही पण येऊ?"

मी तिची वेणी सारखी केली आणि निघाले. कारकुनाला डबा परत केला तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी दुसरं कोणीतरी येईल." तो वाईट माणूस नाही. त्याने खरं तेच सांगितलं. उद्या माझ्या जागी आणखी कोणी दोनदा दहावी झालेली येईल आणि तिला अकरांचं काय करायचं ते माहीत नसेल. ते मनातून जात नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला पुन्हा लिहावंसं वाटतं. भोंगेसर बाईंची तक्रार घेऊन तुझ्याकडे आले आणि तू त्यांना म्हणालीस, "घसा खराब असणं संघटनेच्या कोणत्या नियमात बसत नाही, ते मला दाखवा." ते म्हणाले, "तसं नाही हो मॅडम, पण उद्या सगळेच खोकायला लागले तर?" तू म्हणालीस, "लागू देत. शाळा सुटल्यावर ज्या पोरांना गणित अडलं असेल, ती इथे ताडपत्रीखाली येतील. हजेरी नाही, पगार नाही. म्हणजे नोकरी नाही. नोकरी केली नाही म्हणजे संप मोडला नाही." भोंगेसर म्हणाले, "आणि साहेबांनी विचारलं तर?" "सांगा, घसा साफ करतोय." डुलकीसर एवढ्या हशात जागे झाले आणि चहा आला का म्हणून विचारायला लागले.

त्या हशात तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मला वाटलं, झालं, मावशी गप्प बसली.

नंतर टपरीवर, बस सुटायला थोडाच वेळ असताना, तू माझ्या कॉलरचं बटण लावत म्हणालीस, "त्या हिवाळ्यात घरी आले की तुझं दप्तर खुंटीला दिसायचं. उघडून बघायची भीती वाटायची. मग मी चहा ठेवायला जायचे."

आणि मी काय म्हणाले? "मावशी, तुझी बस लागली." धन्य माझी. इतक्या वर्षांनी तू एवढं बोललीस आणि मी बसची पाटी वाचून दाखवली. ती पाटी मीच रंगवलेली होती, हेही सांगायचं राहिलं.

जे तेव्हा म्हणायचं होतं ते आता लिहून देते. मला तेव्हा राग नव्हता गं. एकटं वाटायचं. तू चहा ठेवायला जायचीस तेव्हा मी पलीकडच्या खोलीत जागी असायचे. आत आली असतीस तर मी काहीच विचारलं नसतं, नुसती शेजारी झोपले असते, त्या लाल फलकावर झोपायचे तशी. पण म्हणून तू संप मोडायला हवा होतास असं नाही. हे मला आता, ते छताचं ठिगळ बघितल्यावर, कळतं. दोन्ही खरंच राहणार आहे. वजाबाकी होत नसेल तर नसू दे. खोकला कोणी ऐकवला तरी मी हे पुसणार नाही.

आणि तो भोंग्यातला खोकला खरा होता, की तू गणिताची बाई आहेस म्हणून आला? शेपटी म्हणते, खराच नव्हता. बुटका म्हणतो, धूळ होती. मी म्हणते, विचारू नये.

उद्या शाळा सुटल्यावर ताडपत्रीखाली मीही असेन. शिकवायला नाही. बाईंनी सांगितलंय, "तू पोरांच्या रांगेत बस, पहिल्यापासून करू." संप मिटेपर्यंत ह्या गावातून हलायचं नाही असं ठरवलंय. तू हसशील. शिंपिणीला काजं करायला हात हवा आहे, तेवढ्यात माझं भागेल. पिशवी खुंटीला अडकवली आहे. येशील तेव्हा उघडून बघ, भिण्यासारखं तिच्यात काही नाही.

गुडघ्याला जप.

          तुझी,
          भिंगरी